टाच कुठे सुटते? स्की टूरिंगचे बूट आणि बाइंडिंग निवडण्यामागचे यंत्रशास्त्र

सिएटल परिसरातल्या मराठी मंडळींचा स्कीइंगचा प्रवास बहुधा ठरलेल्या वाटेने जातो. पहिल्या हिवाळ्यात स्नोक्वाल्मी पासला भाड्याच्या बुटांत धडपडायचे, दुसऱ्या-तिसऱ्या हिवाळ्यात स्टीव्हन्स पास किंवा क्रिस्टल माउंटनचा सीझन पास काढायचा. मग एके दिवशी लिफ्टच्या रांगेत ताटकळत असताना पलीकडच्या डोंगरावरून, जिथे लिफ्टच नाही तिथून, दोघेतिघे छान वळणे घेत उतरताना दिसतात. हे वर कसे गेले, असा प्रश्न तुमच्या मनात आला की समजा, खिशाला चाट बसायची वेळ जवळ आली.

ते वर चालत गेले, पायातल्या स्कीसकट. स्कीच्या तळाला एका दिशेने केस असलेले कापड चिकटवतात. त्याला 'स्किन' म्हणतात, कारण पूर्वी त्यासाठी खरोखरच सीलचे कातडे वापरत. आता ते मोहेर लोकरीचे किंवा नायलॉनचे असते. मांजरीच्या पाठीवरून हात फिरवून पाहा: एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने अडतो. स्किनचे तत्त्व तेच. स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. पण चढताना टाच उचलता आली पाहिजे आणि उतरताना तीच टाच स्कीला घट्ट जखडलेली पाहिजे. शिवाय पडलात, तर पाय मोडायच्या आत सुटलीही पाहिजे. एकाच वस्तूकडून या तीन परस्परविरोधी मागण्या करायच्या, म्हणजे कुठेतरी तडजोड आलीच. बाइंडिंगचा सगळा बाजार या तडजोडीवर चालतो.

दुकानात तुम्हाला पहिला आकडा सांगितला जाईल तो ग्रॅमचा. माझ्या मते त्याचा नंबर तिसरा लागतो. पहिला प्रश्न बूट पायाला बसतो का, दुसरा पडल्यावर बाइंडिंग कसे सुटते, आणि त्यानंतर वजन. पण सगळे वजनापासून सुरुवात करतात, तर आपणही तिथूनच करू.

पायातला किलो आणि पाठीवरचा किलो

'पायातला एक किलो म्हणजे पाठीवरचे पाच किलो' हे वाक्य तुम्ही ऐकलेच असेल. त्याला आधार आहे. अमेरिकी लष्कराच्या नेटिक येथील संशोधकांनी १९६९ मध्ये डोक्यावर, हातात आणि पायात वजन घेऊन चालणाऱ्यांची ऊर्जा मोजली. पायातल्या वजनाला तेवढ्याच वजनाच्या धडापेक्षा ४ ते ६ पट जास्त ऊर्जा लागते, असे दिसले. पावसाळ्यात काळ्या मातीच्या शेतातून चालला असाल, तर चपलेला चिकटलेल्या चिखलाने हे तुम्हाला आधीच शिकवले आहे.

पण ती मोजणी चालण्याची होती, आणि तेही सपाटीवर. सपाटीवर धडाचे वजन वाहायला तुलनेने कमी ऊर्जा लागते, म्हणून पायाचे प्रमाण इतके मोठे दिसते. उभ्या चढावर प्रत्येक किलो, मग तो कुठेही असो, वर उचलावाच लागतो. शिवाय स्किनवर चालताना स्की उचलायची नसते, सरकवायची असते. तेव्हा ती 'पाच पट' इथे जशीच्या तशी लागू करता येणार नाही. हिशोब स्वतःच करून पाहू.

माउंट रेनिअरवरची नेहमीची वाट घ्या. पॅराडाइज सुमारे १,६४५ मीटरवर, कॅम्प म्यूर सुमारे ३,१०५ मीटरवर. चढ १,४६० मीटर, अंतर एका बाजूने ७ किलोमीटरच्या आसपास. एका संचात १.९ किलोचा बूट आणि १.३ किलोचे जड बाइंडिंग, दुसऱ्यात १.३ किलोचा बूट आणि ४०० ग्रॅमचे हलके बाइंडिंग. एका पायामागे फरक दीड किलो, दोन्ही पायांचा मिळून ३ किलो.

३ किलो वजन १,४६० मीटर उचलायला ३ × ९.८ × १,४६० म्हणजे सुमारे ४३,००० ज्यूल लागतात. आपले स्नायू अन्नातल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा कामात बदलतात, म्हणून प्रत्यक्ष खर्च ४० किलोकॅलरीच्या घरात. अर्धी पोळी! तुमचे स्वतःचे वजन, कपडे, पाठपिशवी सगळे मिळून ९० किलो धरले, तर त्याच चढाला बाराशेहून अधिक किलोकॅलरी लागतात.

आता पायाचा खास खर्च. ६० सेंटिमीटरचे एक पाऊल धरले तर सुमारे १२,००० पावले. प्रत्येक पावलात तो जादा दीड किलो थांबलेल्या अवस्थेतून सेकंदाला एखाद-सव्वा मीटर वेगापर्यंत न्यायचा आणि पुन्हा थांबवायचा. एका वेळी एक ज्यूलच्या आसपास, म्हणजे एकूण १२-१३ हजार ज्यूल. त्यात बाइंडिंगचा टाचेबरोबर उचलला जाणारा भाग मिळवा, आणखी सात-आठ हजार. म्हणजे उंचीच्या खर्चाच्या निम्मा. थांबवण्यालाही स्नायूंना ऊर्जा लागते हे धरले, तर माझ्या ढोबळ अंदाजाने पायातला किलो इथे पाठीवरच्या दीड ते दोन किलोंएवढा भरतो. पाच नाही.

मग हलका संच घातल्यावर एवढा फरक का जाणवतो? कारण हा भार मांडीच्या मोठ्या स्नायूंवर न येता पाय पुढे घेणाऱ्या जांघेतल्या स्नायूंवर येतो, आणि त्यांना तो १२,००० वेळा सोसावा लागतो. आणि दुसरे कारण वजनकाट्यावर दिसतच नाही: बूट घोट्यात किती मोकळा वाकतो. रिसॉर्टचा बूट तुमची नडगी पुढे झुकलेल्या कोनात अडकवून ठेवतो. पाय मागे ताणता येत नाही, म्हणून पाऊल आखूड पडते आणि पावलांची संख्या वाढते. टूरिंग बुटाला मागे एक खटका असतो. तो उघडला की बुटाचा वरचा भाग पुढेमागे मोकळा हलतो. चांगल्या टूरिंग बुटात हा पल्ला ६० अंशांच्या आसपास असतो. दोन बुटांत शंभर ग्रॅमचा फरक असेल, पण जड बूट अधिक मोकळा वाकत असेल, तर मी जड घेईन.

बिजागरी कुठे, कडी कुठे

बाइंडिंगच्या आज ढोबळपणे तीन जाती आहेत.

सर्वांत जुनी फ्रेमची. रिसॉर्टचे बाइंडिंग एका पट्टीवर बसवलेले असते, आणि चढताना ती सगळी पट्टी टाचेसकट उचलली जाते. जड तर असतेच, शिवाय बिजागरी बोटांच्याही पुढे असल्यामुळे चाल अवघडल्यासारखी होते. कोणी जुनी फुकट देत असेल आणि तुमच्याकडे रिसॉर्टचेच बूट असतील, तर एक-दोन छोट्या फेऱ्यांना ठीक. नवी विकत घेऊ नका.

दुसरी पिनची, जिला 'टेक' बाइंडिंगही म्हणतात. ऑस्ट्रियातल्या फ्रिट्झ बार्टेल यांनी १९८० च्या दशकात ही कल्पना काढली आणि पुढे डायनाफिट कंपनीने ती बाजारात आणली. बार्टेल यांची युक्ती अशी की बूट कडक आहेच, तर मग वेगळी पट्टी कशाला? बुटाच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंना धातूच्या खोलगट वाट्या बसवायच्या आणि त्यांत दोन पिना चिमट्यासारख्या रुतवायच्या, झाली बिजागरी. उतरताना टाचेच्या बाजूने आणखी दोन पिना बुटात शिरतात. बाइंडिंग दीड-दोनशे ग्रॅमपासून सहाशे ग्रॅमपर्यंत मिळते, आणि चढताना टाचेबरोबर फक्त बूट उचलला जातो. इतकी साधी कल्पना आहे की आधी कोणाला का सुचली नाही, असे वाटते.

तिसरी जात संकरित, साधारण ७०० ते ९०० ग्रॅमची. मार्कर किंगपिन आणि फ्रिट्शी टेक्टन यांत पुढे पिना आणि मागे रिसॉर्टसारखी टाच असते. २०१८ मध्ये आलेल्या सॉलोमन शिफ्टमध्ये चढताना पिना, आणि उतरताना पिना बाजूला होऊन पुढची पकडही रिसॉर्टसारखीच.

आता खरा मुद्दा. पडताना स्की बाजूला वळते आणि पायाला पीळ बसतो. हा पीळ नडगीच्या हाडाच्या अक्षाभोवती असतो, आणि तो अक्ष टाचेच्या थोडा पुढे, घोट्यातून जातो. रिसॉर्टच्या बाइंडिंगमध्ये बाजूची सुटका पंजाकडे होते. दाराची उपमा घ्या: बिजागरी टाचेकडे, कडी पंजाकडे. बिजागरी नडगीच्या अक्षाजवळच असल्यामुळे नडगीला बसणारा पीळ आणि कडीला जाणवणारा जोर जवळजवळ एकाच प्रमाणात वाढतात. कडी योग्य वेळी उघडते.

जुन्या पद्धतीच्या पिन बाइंडिंगमध्ये नेमके उलट असते. बाजूची सुटकाही टाचेकडेच होते. म्हणजे बिजागरी पंजाकडे, कडी टाचेकडे. आता घरातल्या दाराला अगदी बिजागरीजवळ ढकलून पाहा. कितीही जोर लावा, कडीला पत्ता लागत नाही. स्कीवर बाजूने येणारा जोर बरोबर पंजाखाली आला, उदाहरणार्थ बर्फातून वर आलेल्या दगडाची किंवा फांदीची धडक, तर टाचेच्या कडीपर्यंत काहीच पोचत नाही. पण नडगीचा अक्ष तिथून सुमारे २० सेंटिमीटर मागे आहे. ३०० न्यूटनचा, म्हणजे साधारण ३० किलो वजनाइतका जोर तिथे आला, तर नडगीला ३०० × ०.२ म्हणजे ६० न्यूटन-मीटरचा पीळ बसतो. बाइंडिंगवरचा आकडा ५ असेल, तर ते ढोबळमानाने ५० न्यूटन-मीटरला सुटायला हवे. पाय मर्यादा ओलांडून गेला आणि कडी मात्र शांत. पुढच्या पिनांचा चिमटा अशा वेळी स्वतःहून उघडू शकतो, पण तो किती जोराला उघडेल हे त्याच्या स्प्रिंगवर ठरते. तुमच्या वजनाप्रमाणे किंवा वयाप्रमाणे तो लावता येत नाही.

उलट दोषही आहे. टाचेजवळ बाजूने धक्का बसला, तर नडगीला फारसा पीळ नसतानाही कडी उघडू शकते, म्हणजे नको तेव्हा स्की सुटते. बहुतेक पिन बाइंडिंगांत बूट थोडा सरकून परत जागेवर येण्याची सोय कमी असते, त्यामुळे कडक बर्फावरच्या खडखडाटात हे अधिक घडते. मग लोक वैतागून आकडा वाढवतात, आणि पायाला धोका वाढतो.

टेक्टनसारख्या बाइंडिंगांत पुढे पिना असूनही बाजूची सुटका पंजाकडेच ठेवली आहे. शिफ्टमध्येही उतरताना ती पंजाकडेच होते. किंगपिनमध्ये टाच सुधारलेली असली तरी पंजाला पिनाच धरतात. जाहिरातीत हे तिघे एकाच पंगतीला बसवलेले असतात, म्हणून दुकानात एकच प्रश्न विचारा: 'उतरताना बाजूची सुटका पुढे होते की मागे?' उत्तर देताना विक्रेता घुटमळला, तर दुसऱ्या विक्रेत्याला विचारा.

रिसॉर्टचे बाइंडिंग सर्वगुणसंपन्न आहे असे मात्र समजू नका. त्याचा आंधळा टापू टाचेपाशी असतो. नडगीला तो फारसा घातक नाही, पण गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध मागे बसकण मारून पडताना फाटतो तो इथेच. एसीएल नक्की वाचवेल असे बाइंडिंग अजून कोणी बनवलेले नाही.

सुटकेचा आकडा तुमचे वजन, उंची, वय, स्कीइंगची पद्धत आणि बुटाच्या तळव्याची लांबी यांवरून तक्त्यातून काढतात. पन्नाशी उलटली की तक्ता तुम्हाला एक पायरी खाली आणतो. त्यात कमीपणा वाटून घेऊ नका, वय खरेच सांगा. टूरिंग बाइंडिंगसाठी आयएसओ १३९९२ हे मानक आहे. त्याप्रमाणे तपासलेल्या बाइंडिंगवरच्या ६ या आकड्याला अर्थ आहे. शर्यतीसाठीच्या अतिहलक्या बाइंडिंगांत सुटकेचा जोर कारखान्यातच कायम केलेला असतो, तुमच्यासाठी बदलता येत नाही. निदान पहिली दोन वर्षे त्यांच्या वाटेला जाऊ नका.

खटका, बर्फ आणि हिमस्खलन

पिन बाइंडिंगच्या पुढे एक खटका असतो. तो वर ओढला की चिमटा कुलूपबंद होतो. चढताना हा बहुधा लावतात, नाहीतर तिरक्या कडक उतारावर पाऊल वळवताना स्की निघून येऊ शकते. उतरायच्या आधी तो सोडायचाच, कारण कुलूप लावलेल्या चिमट्यातून बाजूची सुटका जवळपास होत नाही.

पेच चढतानाचा आहे. बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात, आणि चांगले स्कीइंगही तिथेच असते. वाहत्या बर्फात अडकलात आणि स्की पायाला जखडलेल्या असतील, तर त्या नांगरासारख्या तुम्हाला खाली खेचतात. म्हणून शंकास्पद उतार ओलांडताना काहीजण खटका सोडून चालतात. पण मग नेमकी तिथेच स्की निघाली तर? दोन्ही बाजूंना धोका आहे. माझे मत असे की ज्या उतारावर हा प्रश्न पडतो, त्या उतारावरून वाट न काढणे हेच बरे. नॉर्थवेस्ट अ‍ॅव्हलांच सेंटरचा त्या दिवसाचा अंदाज वाचल्याशिवाय आणि ट्रान्सीव्हर, प्रोब, फावडे व ते वापरायचे प्रशिक्षण यांच्याशिवाय बाइंडिंगची चर्चा व्यर्थ आहे.

ब्रेक की दोरी, हाही तसाच वाद. ब्रेकमुळे सुटलेली स्की बर्फात अडते. हलक्या बाइंडिंगांना ब्रेकऐवजी बुटाला बांधायची दोरी देतात. हिमनदीवर दोरीला अर्थ आहे, कारण निसटलेली स्की भेगेत गेली तर गेलीच. पण हिमस्खलनात ती दोरी स्कीला तुमच्यापासून सुटू देत नाही. नवशिक्याने ब्रेकवाले घ्यावे. वाढलेल्या वजनाची किंमत आपण वर पाहिलीच आहे, अर्ध्या पोळीचाही छोटा तुकडा.

कॅस्केडमध्ये आणखी एक खास त्रास. गाडी लावतो तिथे तापमान शून्याच्या आसपास आणि बर्फ ओला. तो बुटाच्या वाट्यांत आणि चिमट्याच्या स्प्रिंगखाली दाबला जातो आणि वर थंडीत गोठतो. मग चिमटा बंद झालेला दिसतो, पण पिना पूर्ण रुतलेल्या नसतात. म्हणून दर वेळी वाट्या टोकदार वस्तूने कोरून काढा, स्प्रिंगखालचा बर्फ काठीच्या टोकाने पाडा, आणि पंजा बसवल्यावर टाच मोकळी असताना पाय आठ-दहा वेळा पुढेमागे हलवा, म्हणजे उरलासुरला बर्फ पिना स्वतःच खरवडून काढतात. याला अर्धा मिनिट लागतो.

आधी बूट, मग बाकी सगळे

बूट आधी घ्या. बाइंडिंगची भोके बुटाच्या तळव्याच्या लांबीवरून पाडतात. ही लांबी मिलिमीटरमध्ये टाचेजवळ कोरलेली असते, आणि एकाच मापाच्या दोन कंपन्यांच्या बुटांत ती वेगळी असते. आधी बाइंडिंग बसवून मग बूट बदलले, तर सरकवायची जागा पुरेलच असे नाही, आणि स्कीला दुसऱ्यांदा भोके पाडावी लागतात.

माप मोंडोपॉइंटमध्ये असते, म्हणजे सरळ पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये. संध्याकाळी, पावले थोडी सुजलेली असताना दुकानात जा. बुटाचा आतला मऊ भाग बाहेर काढा आणि नुसत्या कडक कवचात पाय घाला. बोटे पुढे जेमतेम टेकली असताना टाचेमागे एक ते दीड बोट जागा हवी. त्याहून जास्त असेल तर टाच उचलली जाईल, चढताना फोड येतील आणि उतरताना स्की ऐकणार नाही. बहुतेक कंपन्यांत २६ आणि २६.५ यांचे कवच एकच असते, हे माहीत असेल तर अर्ध्या मापावर घासाघीस वाचते. आतला भाग बहुधा गरम करून पायाच्या आकाराला बसवता येतो, आणि कवचही घोट्यापाशी किंवा करंगळीपाशी थोडे फुगवून देतात. आपल्यापैकी अनेकांची लहानपणी चपला घालून वाढलेली पावले पुढे पसरट असतात. अरुंद बुटात ती कोंबण्यापेक्षा रुंद साच्याची कंपनी शोधा. थंडी वाजते म्हणून मोज्यांच्या दोन जोड्या घालू नका. रक्त कमी पोचते आणि पाय आणखी गारठतो.

बुटावर १००, ११०, १३० असा कडकपणाचा आकडा असतो. एका कंपनीचा १२० म्हणजे दुसरीचा १२० नव्हे, कारण हा आकडा मोजायची सर्वमान्य पद्धत नाही. पायात घालून वाकून पाहा.

आता जुळणी. पिन बाइंडिंगला धातूच्या वाट्या असलेलाच बूट लागतो, रिसॉर्टचा साधा बूट चालत नाही. उलट, फार हलक्या बुटांना पुढची पट्टीवजा कड नसते. ते शिफ्टमध्ये बसत नाहीत आणि पुढे तारेची कडी असलेले क्रॅम्पॉनही त्यांना लागत नाहीत. पुढे माउंट रेनिअर किंवा माउंट बेकरच्या हिमनद्यांवर जायचा विचार असेल, तर क्रॅम्पॉनची जोडी दुकानात घेऊन जा आणि तिथेच बुटाला लावून बघा.

तुमचे निम्मे दिवस रिसॉर्टमध्ये जाणार असतील, तर दीड ते पावणेदोन किलोचा बूट आणि पंजाकडे सुटणारे संकरित बाइंडिंग घ्या. लिफ्ट सोडायचीच ठरवली असेल आणि वसंतातल्या मऊ बर्फावर लांब चढाया करायच्या असतील, तर १.२ ते १.४ किलोचा बूट आणि आकडा बदलता येणारे, ब्रेक असलेले ३५० ते ४५० ग्रॅमचे पिन बाइंडिंग पुरे. मात्र पंजाखालचा तो आंधळा टापू लक्षात ठेवून उतरा, विशेषतः झाडीत आणि बर्फ कमी असताना. शक्य असेल तर आधी एक-दोनदा संच भाड्याने घेऊन दोन्ही प्रकार पायाखालून जाऊ द्या.

बाइंडिंग दुकानातूनच बसवून घ्या, आणि सुटकेची यंत्रावर चाचणी करून मिळते का ते विचारा. जुने बूट घेत असाल तर धातूच्या वाट्यांची कड बोटाने चाचपून बघा. ती झिजून लंबगोल झाली असेल तर किंमत कितीही कमी असो, तो बूट तिथेच ठेवून या.